लपवायचं काही नसेल तर

आमच्या रस्त्यावर पालिकेने कधीकाळी ओळीने सप्तपर्णी लावल्या. त्या आता तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत आल्या आहेत. एरवी वर्षभर कुणी मान वर करून त्यांच्याकडे बघत नाही. पाऊस आटोपला, ऑक्टोबरचं ऊन चटके द्यायला लागलं, की त्यांना हिरवट पांढरे गुच्छ येतात आणि दिवेलागणीला खिडकी उघडी असली की तो वास सरळ घरात शिरतो. गोड, जाड, किंचित औषधी. समोरच्या ठक्करबेन गॅलरीत येऊन दीर्घ श्वास घेतात आणि म्हणतात, "शुं सुगंध छे!" मला मात्र तो वास आला की हातातलं काम टाकून दाराची कडी बघून यावंसं वाटतं.

काल संध्याकाळीही तसंच झालं. मी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. 'माझा आवडता ऋतू' या निबंधात एका मुलीने बिनधास्त 'ऑक्टोबर हीट' असं लिहिलं होतं. कारण काय, तर दिवाळीची सुट्टी जवळ येते. मला हसू आलं, मी तिला अर्धा गुण जास्त दिला, आणि तेवढ्यात झुळूक आली. उठले. कडी लागलेली होती. अनिल, माझे यजमान, वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "लागलेली आहे. मघाशी मी बघितली."

म्हणजे त्यांनाही वास आला होता.

या दिवसांना धड नाव नाही. पावसाळा म्हणता येत नाही, हिवाळा तर नाहीच. भिंतींमधली ओल सुकत असते आणि घरभर जुन्या वह्यांसारखा वास पसरतो. गच्चीवर गाद्या पडतात. पंख्याखाली बसलं तरी मानेवरून घाम ओघळतो. मुलुंडच्या मागच्या डोंगराचा हिरवा रंग रोज थोडा थोडा पिवळा पडतो. अंगाला काही म्हणजे काही सुचत नाही. बसलं तर उठावंसं वाटतं, उठलं तर बसावंसं. काही वर्षांपूर्वी एका ऑक्टोबरमध्ये जी तगमग झाली, त्यातली उन्हाची किती आणि बाकीची किती, हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही.

त्या वर्षी जिथे जावं तिथे एकच वाद चालू होता. सरकारला लोकांचे फोन, मेसेज, इंटरनेटवरच्या हालचाली कुठवर बघता याव्यात? नव्या कायद्यात काय आहे, काय नाही, हे नीट कुणीच वाचलं नव्हतं, पण मत प्रत्येकाचं होतं. आमच्या स्टाफरूममध्ये विज्ञानाचे पाटील सर म्हणायचे, "मी रोज पन्नास लोकांना गुड मॉर्निंग पाठवतो. सरकारने ते सगळे वाचावेत आणि माझ्यासारखंच कंटाळावं." सगळे हसायचे. पीटीची तरुण मॅडम म्हणायची, "यार मॅडम, मी नुसतं चपला घ्यायच्यात म्हटलं, तर फोनवर चपलाच चपला. आता उरलंय काय लपवायला?" तेव्हाही सगळे हसायचे. हसून झालं की घंटा व्हायची आणि आम्ही खडू उचलून वर्गावर जायचो.

आमच्या घरात मात्र कुणी हसत नव्हतं.

अनिलचा धाकटा भाऊ संजय. मुक्ता, आमची मुलगी, बालवाडीत होती तेव्हा तो घाटकोपरहून बसने घरी यायला निघाला आणि त्या बसमध्ये स्फोट झाला. तो माझ्याकडे मुक्तासाठी पतंग बनवायचा कागद मागून गेला होता. ओळख पटवायला अनिल एकटेच गेले. परत आल्यावर त्यांनी बादलीभर पाण्याने पाय धुतले, पुन्हा पुन्हा धुतले. पुढे कितीतरी वर्षांनी एकदा म्हणाले, "सुषमा, कुणीतरी कुणाला तरी फोन केला असेल ना? इतकं सगळं ठरवायचं म्हणजे बोलले असतील. तेवढं एक बोलणं कुणी ऐकलं असतं तर?"

त्यामुळे टीव्हीवर हा विषय निघाला की अनिल खुर्चीत सरसावून बसायचे. त्यांचं म्हणणं ठाम होतं. "ऐका. सगळ्यांचं ऐका. लपवायचं काही नसेल तर भ्यायचं कशाला?"

त्यात अजून एक गोष्ट होती, आणि ती बाहेरच्या कुणाला सहज कळली नसती. माझे सासरे परभणीकडच्या एका गावातून मुंबईला आले. आमची घरं गावाबाहेर. अनिल लहानपणी सुट्टीत गावी जायचे, तेव्हाचं ते सांगतात. आपण कुठल्या वाटेने गेलो, पायात चपला होत्या का, कुणाच्या विहिरीजवळ थांबलो, लग्नात वाजंत्री किती वाजली, सगळ्यावर गावाचा डोळा. "आपल्यावर पाळत ठेवली ती गावाने," ते मुक्ताला सांगायचे. "सरकारने नाही. सरकारने शाळा दिली, नोकरी दिली. घटना आहे म्हणून तुझा आजा मान वर करून चालला. मी पालिकेच्या पाणीखात्यात तीस वर्षं काढली ती काय सरकारला घाबरून? सरकार आपलं आहे, बाळा."

आमच्या बैठकीच्या खोलीत घटनेची प्रस्तावना फ्रेम करून लावलेली आहे. मुक्ता तिच्याखाली बसून म्हणायची, "पप्पा, घटना आपली आहे. सरकार म्हणजे माणसं. टेबलामागे बसलेली माणसं. त्यातली काही त्याच गावातून आलेली आहेत."

"मग काय, कुणावरच विश्वास ठेवायचा नाही?"

"ठेवायचा ना. पण त्यांनी कुणाला तरी विचारून मग बघावं. परस्पर नाही."

"आणि विचारेपर्यंत बस उडाली तर?"

मुक्तालाही काका होता, अंधुक का होईना आठवत होता. मी ताटं घ्यायला उठायचे.

मुक्ता तेव्हा अंधेरीला मैत्रिणींबरोबर राहायची. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायकांना आधार देणाऱ्या एका छोट्या संस्थेत ती नव्याने लागली होती. लागली त्या आठवड्यात तिने एक गोष्ट केली आणि मला ती फार लागली. आमच्या फोनवर एकमेकींचं ठिकाण दिसायची सोय आम्ही करून ठेवली होती. नकाशावर तिचा निळा ठिपका असायचा. दिवसातून कितीदा तरी मी तो उघडून बघायचे. ठिपका अंधेरीला स्थिर आहे म्हणजे पोर जेवून झोपली. ठिपका हलतोय म्हणजे रिक्षात आहे. ती तो बंद करून टाकते म्हणाली, तेव्हा मी रागावले.

"माझ्यावर एवढा अविश्वास?"

"तुझ्यावर नाही गं. मी ज्या घरी जाते, ते घर तुझ्या नकाशात उमटतं. तिथे कुणीतरी लपून राहतंय, आई."

मला ते पटलं, आणि तरी पटलं नाही. पुढचे कितीतरी दिवस मी सवयीने नकाशा उघडायचे. त्यात नुसते रस्ते असायचे. आई जी बघते ती काळजी आणि दुसरा बघतो ती पाळत, असं मी इतके दिवस सरळ धरून चालले होते. त्या रिकाम्या नकाशाकडे बघताना ते तितकं सरळ वाटेना. तिची काळजी मला होती हे खरं. पण ती कुठे आहे हे तिला न विचारता कळण्यात एक गोडी होती, हेही खरं.

नवरात्र सुरू झालं होतं. समोरच्या मैदानात संध्याकाळपासून गरब्याचे ढोल चालू व्हायचे, घागऱ्यातल्या मुली रिक्षा अडवायच्या. अशाच एका दुपारी बेल वाजली. अनिलनी दार उघडलं. बाहेर मुक्ता होती आणि तिच्यामागे पस्तिशीची एक बाई, हातात कापडी पिशवी, केस घट्ट बांधलेले.

"पप्पा, या थोडे दिवस आपल्याकडे राहतील," मुक्ता म्हणाली.

तिचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही. वनिता म्हणू या.

अनिलनी दोघींकडे बघितलं. काहीही न विचारता बाजूला झाले आणि म्हणाले, "आत या. चहा घेणार ना?" माणूस म्हणून माझ्या नवऱ्याबद्दल मला कधी शंका नव्हती, ती अशा वेळांमुळे.

स्वयंपाकघरात मुक्ताने हळू आवाजात सगळं सांगितलं. वनिताचा नवरा सरकारी नोकरीत. कुठल्या खात्यात ते लिहीत नाही. जिथून लोकांच्या फोनची माहिती मागवता येते अशा ठिकाणी त्याची ऊठबस होती, एवढं पुरे. वनिताने घर सोडलं तेव्हा मुक्ताच्या वरिष्ठ, ज्योतीताई, यांनी तिला कांदिवलीला एका ओळखीच्या घरी ठेवलं होतं. आदल्या दिवशी ज्योतीताईंना त्याचा फोन आला. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. "मॅडम, कांदिवलीला कोण आहे हो तुमचं?" एवढंच विचारलं. "सोमवारी दुपारी तिथे होतात. त्याआधीच्या आठवड्यातही. फार फेऱ्या होतात तुमच्या." मग त्यांनी त्या दिवसांत कुणाकुणाला फोन केले, ते त्याने एकेक नाव घेऊन सांगितलं. आणि "काळजी घ्या" म्हणून फोन ठेवला.

संध्याकाळी तो त्या इमारतीसमोर उभा होता. वनिताने त्याला पडद्याच्या फटीतून बघितलं. चेहरा दिसत नव्हता. हेल्मेट कोपरात अडकवून उभं राहायची त्याची पद्धत तिने ओळखली.

सकाळी ती बाहेर पडली ती शाळेच्या व्हॅनमधून. शेजारच्या बाई मुलांची व्हॅन चालवायच्या. त्यांनी वनिताला आपला ओळखपत्राचा पट्टा गळ्यात घातला, मांडीवर छोट्या गटातली एक पोरगी दिली आणि गेटमधून गाडी काढली. पोरगी रस्ताभर वनिताला पाढे म्हणून दाखवत होती.

"माझा नंबर या प्रकरणात कुठेच नाही," मुक्ता म्हणाली. "म्हणून इथे आणलं. पण फोनवर तिच्याबद्दल एक शब्द नाही. मलासुद्धा फोन करून विचारायचं नाही, कशी आहे म्हणून."

"पोलिसांत का नाही जात?" अनिलनी विचारलं.

"गेलोय ना, पप्पा. तक्रार केली आणि त्यानंतरच त्याला कळलं, आमची वकील कोण ते. कुठून कळलं, माहीत नाही. ज्याच्यावर संशय घ्यावा असा एक माणूस दिसत नाही. म्हणून तर वाट लागलीय सगळ्यांची."

वनिता आमच्याकडे राहिली ते दिवस मला एकसलग आठवत नाहीत. तुकडे आठवतात. ती गॅलरीत जात नसे. दोरीवरचे कपडेही मी आत आणून द्यायचे, मग ती घड्या घालायची, कोपऱ्याला कोपरा जुळवून. मोबाइल तिच्याकडे नव्हताच; आमचा वाजला की मात्र ती हातातलं थांबवायची. वायफायच्या डब्यातला हिरवा दिवा लुकलुकताना बघून तिने एकदा विचारलं, "काकू, हे सारखं चालू लागतं का?" मी तो बंद केला. अनिलनी एरवी घर डोक्यावर घेतलं असतं. शेजारी ठक्करबेननी विचारलं तर माझी मावसबहीण, असं ठरलं होतं. त्यांनी विचारलंच नाही. एका ताटलीत फाफडा आणि जिलेबी देऊन गेल्या. दोन जास्तीच्या जिलेब्या होत्या. त्यांना कळलं होतं की नव्हतं, याचाही मी नंतर बराच विचार केला.

दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो. आमच्यासाठी तो धम्मदीक्षेचा दिवस. वनिताला एकटीला घरी ठेवून जायला मन होईना. ती म्हणाली, "जा ना काकू. मी आतून कडी लावते." वंदनेत माझं लक्ष नव्हतं. शरण जाते, शरण जाते म्हणताना मनात सारखी आमच्या दाराची कडी येत होती. परतलो तेव्हा तिने मी आणलेल्या झेंडूंचं तोरण करून आतल्या खोलीच्या चौकटीला लावलं होतं. बाहेरच्या दाराला नाही. "तुमच्यात चालतं ना?" तिने घाबरत विचारलं. अनिल म्हणाले, "अगं, फुलांना काय जात असते का?" ती पहिल्यांदा मोकळं हसली. हसताना तिचा वरचा एक दात तुटलेला दिसला, आणि तिने लगेच ओठ मिटले.

मग ती दुपार. टीव्हीवर तोच वाद, चौकटी चौकटीतून ओरडणारी माणसं. अनिल खुर्चीत, वनिता खाली बसून लसूण सोलत होती, मी पेपर तपासत होते. कुणीतरी पाळतीच्या विरोधात बोललं, आणि अनिल सवयीने, टीव्हीलाच उद्देशून म्हणाले, "अरे, पण लपवायचं काही नसेल तर भ्यायचं कशाला?"

"आमच्याकडे पण हेच वाक्य होतं, काका," वनिता म्हणाली.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. एखाद्याने आमच्याकडेही आमटीत चिंच घालतात म्हणून सांगावं, तसं ती म्हणाली. मान खालीच होती.

"ऑफिसातून आले की चहाच्या आधी हात पुढे करायचे. फोन दे. लपवायचं काही नसेल तर दे. मी द्यायची. माझ्याकडे खरंच काही नव्हतं हो. मग एकेक वाचायचे. बहिणीला हे असं का लिहिलंस? त्या दुकानदाराशी एवढा वेळ कशाला? या फोटोत हसतेयस ती कुणाकडे बघून? काही नसताना रोज काहीतरी सापडायचं. शेवटी शेवटी मी बहिणीशी बोलायचंच सोडलं. बोललं नाही तर सापडणार काय? तर म्हणाले, बोलत नाहीस म्हणजे नक्कीच काहीतरी आहे."

अनिलनी टीव्हीचा आवाज बंद केला. पडद्यावरची माणसं तोंडं हलवत राहिली. वनिता पाकळ्या वाटीत टाकत होती. मला तिच्याकडे बघवेना आणि अनिलकडेही. ते उठले, स्वयंपाकघरात गेले, आणि कधी नव्हे ते त्यांनी सगळ्यांसाठी चहा केला. साखर विसरले. कुणी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी अनिल बाजारात गेले असताना त्यांना फोन आला. अनोळखी नंबर. "कुरियर आहे. पत्ता कन्फर्म करायचा होता. मुलुंड ईस्ट ना? दुपारी घरी कोण असतं?"

अनिल "कोणी नसतं" म्हणाले आणि फोन ठेवला. मग भाजीची पिशवी तिथेच ठेल्यावर टाकून घराकडे निघाले. लिफ्टची वाट न बघता जिने चढून आले. दारात उभे राहिले तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता आणि त्यांना बोलता येत नव्हतं. मी काही मागवलं नव्हतं. त्यांनी नाही. मुक्ताने असं काही पाठवलं नव्हतं. वनिताने आमचे चेहरे बघितले आणि कुणी काही सांगायच्या आत आपली कापडी पिशवी भरायला घेतली.

ते खरंच कुरियर होतं का? ठाऊक नाही. पार्सल कधीच आलं नाही. पत्ता चुकला असेल, परत गेलं असेल. असं रोज होतं. किंवा नसेलही. त्या एका फोनवर मी पुढे किती विचार केला असेल! मी माझे सगळे फोन आठवून बघितले. बहिणीला म्हणाले होते का, घरी पाहुणी आहे? वाण्याला दूध जास्तीचं पाठव म्हणून मेसेज केला होता, त्यावरून कुणाला काही कळेल का? अनिल त्यांच्या बाजूने हेच करत होते. एकाच घरात आम्ही दोघं स्वतःची झडती घेत बसलो होतो, आणि झडती घ्यायला दुसरं कुणी आलेलंसुद्धा नव्हतं.

फोन न करता अनिल स्वतः अंधेरीला जाऊन मुक्ताला सांगून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेतली दुसरी एक मुलगी येऊन वनिताला घेऊन गेली. जाताना वनिताने स्वतःचा कप विसळून पालथा घातला. मला म्हणाली, "काकू, मी कुठे जातेय ते विचारू नका हां. रागावू नका." मी तिला माझी एक सुती साडी दिली. खाली उतरताना तिने डोक्यावरून पदर घेतला होता, आणि वरून बघणाऱ्या मला ती रस्त्यावरच्या इतर बायकांत क्षणात मिसळून गेली. बरं वाटलं.

कोजागिरीनंतरच्या रविवारी आमच्या वाचनालयाने याच विषयावर परिसंवाद ठेवला होता. तो वनिता यायच्या कितीतरी आधी ठरला होता, आणि ठरवणाऱ्यांत अनिल होते. व्यासपीठावर एक वकील बाई आणि एक निवृत्त अधिकारी. सभागृह भरलं होतं. पंखे गरगरत होते, लोक पत्रिकेने वारा घेत होते. दोघंही चांगलं बोलले. अधिकारी म्हणाले, सगळं नियमानं चालतं, परवानगी लागते, कुणी उठून कुणाचा फोन ऐकत नाही. वकील बाई म्हणाल्या, ती परवानगी देणारा आणि मागणारा एकाच घरातले आहेत, त्यात तिसरा कुणी नाही. टाळ्या दोघांना मिळाल्या. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आमच्या सोसायटीच्या कॅमेऱ्याचं आधी बोला, तो सेक्रेटरी दिवसभर बघत बसतो!" हशा झाला.

मग अध्यक्षांनी अनिलना बोलायला सांगितलं. ते दर वेळी बोलायचे. संजयची गोष्ट मुलुंडमध्ये पुष्कळांना ठाऊक होती. मुक्ता माझ्या शेजारी बसली होती. तिने माझा हात धरला.

अनिलनी माईक घेतला. "माझा भाऊ गेला, हे तुम्हाला माहीत आहे," ते म्हणाले. "तेव्हापासून मी म्हणत आलो की कुणीतरी ऐकायला पाहिजे. ते मला आजही वाटतं." मग थांबले. सभागृह वाट बघत होतं. ते अधिकाऱ्यांकडे बघत होते, आणि मला कळत होतं की त्यांना काय विचारायचंय. तुमच्या नियमातून ज्योतीताईंच्या फोनची यादी त्या माणसाच्या हातात कशी गेली? पण ते विचारायचं म्हणजे वनिताचं सांगायचं. भरल्या सभागृहात, जिथे पाचपंचवीस फोन वर धरून लोक चित्रण करत होते. कुठली बाई, कुणाकडे होती, कधी होती.

"यापुढचं मला सांगता येत नाही," अनिल म्हणाले आणि खाली बसले.

जोरदार टाळ्या झाल्या. लोकांना वाटलं, भावाच्या आठवणीने गळा दाटला. एक आजोबा तर येऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवून गेले. अनिल मान खाली घालून बसले होते. या वादात ज्यांच्याकडे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त आहे, त्या बायका अशा सभागृहात येऊ शकत नाहीत, हे मला त्या टाळ्यांच्या आवाजात उमगलं. तेव्हापासून या विषयावरचा कुठलाही वाद ऐकताना मी नकळत बोलणाऱ्यांपेक्षा रिकाम्या खुर्च्यांकडे बघते.

आम्ही घरी परतलो. अनिल जिन्यात थांबून मुक्ताला म्हणाले, "मी काही बदललो नाही. संज्यासाठी मला अजून तसंच वाटतं."

"मला पण वाटतं, पप्पा," मुक्ता म्हणाली. "ऐकूच नका असं कुठे म्हणते मी? न्यायाधीशासमोर जा, कारण सांगा, मग ऐका. आणि ज्याचं ऐकलं त्याला कधीतरी ते कळू द्या. एवढंच."

"आणि तेवढ्यात..." अनिलनी सुरुवात केली. मग जिना चढायला लागले.

ज्योतीताईंनी पुढे तक्रार केली. आपल्या फोनची माहिती कुणी मागवली, कुठल्या कारणासाठी? उत्तर यायला खूप वेळ लागला, आणि आलं तेव्हा त्यात होतं की अशी माहिती देता येत नाही. त्यांचीच माहिती; आणि ती कुणी घेतली हे मात्र गुपित. अनिलनी ते उत्तर चष्मा लावून वाचलं, पुन्हा वाचलं. मग मला म्हणाले, "पाणीखात्यात कुणी चोरून जोडणी घेतली तर आम्हाला पाइप खणून तरी बघता यायचं."

वाद नंतर ओसरला, जसे सगळे ओसरतात. कायदा झाला. स्टाफरूममध्ये दुसरे विषय आले. मी नकाशा उघडायचं सोडलं, म्हणजे जवळजवळ सोडलं. मुक्ता आता स्वतः फोन करते, कधी उशिरा, कधी दोन दिवसांनी, आणि ती कुठे आहे हे मला तिच्याच तोंडून कळतं. कधी ती सांगत नाही. मग मी बाकीचं विचारते. जेवलीस का, तिकडेही एवढंच उकडतंय का.

परवा रविवारी ती आली होती. अनिल खिडकीपाशी बसून शर्टाचं बटण शिवत होते. हे काम ते मला करू देत नाहीत. मुक्ता त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "पप्पा, एक सांगायचंय. वनिता बरी आहे."

अनिलचा हात थांबला.

"कोर्टाचं अजून चालू आहे. पण तिला नोकरी लागली. दातसुद्धा बसवून घेतला म्हणाली."

मी कधी नव्हे ते त्यांचा चेहरा असा उजळलेला बघितला. "अरे वा!" ते म्हणाले. "झकास! कुठे अस..."

आणि तिथेच थांबले. मुक्ता नुसती बघत राहिली. तिने सांगितलं असतं की नाही, मला माहीत नाही. अनिलनी सुई शर्टात टोचून ठेवली, तळहात तिच्यासमोर आडवा धरला आणि मान हलवली.

"नको," ते म्हणाले. "मला सांगू नकोस."